मार्थाच्या ट्रंकेतले चिरूट

भिंगारच्या वेशीजवळ पाच खोल्यांची एक बुटकी चाळ होती. तिच्या शेवटच्या खोलीच्या दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीत, एक लाकडी खुंटी ठोकलेली होती. आता खुंटी कुणी घराबाहेर ठोकतं का? पण ते यशया पाटोळेचं घर होतं, आणि कामावरून आला की यशया आपला पांढरा, पितळी बटणांचा कोट तिथंच अडकवायचा. जाता-येता लोक टोकायचे, "काय यशया, कुणी पळवला म्हंजे?" यशया नुसता हसायचा. कोट पळवला असता तर एकवेळ चाललं असतं. घरात गेला असता तर मात्र त्याची धडगत नव्हती.

कोट मेसचा होता. नगरच्या कँपात, गोऱ्या अफसरांच्या मेसमध्ये, यशया एकोणतीस वर्षं बेअरर होता. त्यातली शेवटची वीसेक वर्षं त्याच्याकडे मुख्य काम एकच, जेवणानंतरचे चिरूट. हसू नका. सोपं काम नव्हतं ते. नगरची हवा म्हणजे कोरडी ठाक. उन्हाळ्यात माणसाचे ओठ फुटतात, तिथं तंबाखूचं पान काय टिकणार? म्हणून मेसमध्ये चिरुटांचं वेगळं लाकडी कपाट होतं. त्याच्या तळाशी ओला स्पंज ठेवायचा, दोन दिवसांनी तो पुन्हा भिजवायचा, कमी नाही आणि जास्तही नाही. जेवणं झाली की कोणत्या साहेबापुढे काय धरायचं हे न विचारता कळलं पाहिजे. मेजरसाहेबाला त्रिचनापल्लीचा काळा, आखूड. डॉक्टरसाहेबाला सोनेरी कागदी पट्ट्याचा, हवानाचा. कर्नलला ब्रह्मदेशाचा, दोन्ही तोंडं उघडी असलेला. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा कर्नलचं तोंड आठवडाभर उतरलेलं होतं, आणि यशयाला ठाऊक होतं की त्यातलं निम्मं दुःख चिरुटाचं आहे.

नव्यानं लागलेल्या बेअररांना यशया एक गोष्ट बजावून सांगायचा. "चिरूट लई लबाड असतो. शेजारी जे असंल त्याचा वास पिऊन घेतो. कपाटात साबन न्हाई, कांदा न्हाई, आन अत्तर तर बापजन्मात न्हाई. साहेबाच्या चिरुटाला दुसरा वास लागला तर मी तुमाला उभा कापीन." एवढा मवाळ माणूस, पण चिरुटाचा विषय निघाला की असा बोलायचा.

आणि स्वतः? स्वतः कधी एक झुरका घेतला नव्हता. मिशनच्या बोर्डिंगात असताना, बाराव्या वर्षी, त्यानं इतर मुलांबरोबर एका छापील कार्डावर सही केली होती की दारू पिणार नाही, तंबाखूला शिवणार नाही. ते कार्ड अजून घरात चौकटीत लावलेलं होतं. पण खरं सांगायचं तर कार्डापेक्षा जास्त धाक मार्थाचा होता.

मार्था त्याची बायको. खर्ड्याकडची, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं नवऱ्याच्या कोटाचा वास घेतला, नाक मुरडलं आणि दगडानं ती खुंटी बाहेर स्वतःच्या हातानं ठोकली. "तुमचे साहेब उंबऱ्याच्या भाईर ठिवायचे. माज्या घरात त्यांचा धूर न्हाई पायजे." बस, झाला कायदा. यशया उंबऱ्याबाहेर कोट काढायचा, हातपाय धुवायचा, तोंडावर पाणी मारायचा, तेव्हा आत पाऊल. एकोणतीस वर्षांत एकदाही चुकला नाही.

मार्थाची त्याच्याबद्दल तक्रार एकच. ती कधी हुलग्याचं माडगं करायची, कधी शेंगोळे, कधी नाताळाला करंज्या, आणि ताट पुढ्यात ठेवून विचारायची, "अवो, एक डाव तरी सांगा, तुमाला काय आवडतं?"

"कायबी चालंल," यशया म्हणायचा.

"कायबी? कायबी नावाची भाजी मी कुठनं आनू? बाजारात तर कुनी इकत न्हाई."

यशया खाली मान घालून जेवायचा. तो काही मुद्दाम करत नव्हता हो. बावीस साहेबांच्या आवडीनिवडी त्याला तोंडपाठ होत्या, पण आपल्याला काय आवडतं हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. विचार करायला गेला की समोर कुणीतरी साहेबच उभा राहायचा.

पंचेचाळीसच्या नाताळाआधी मार्था तापानं गेली. आठ दिवसांचं दुखणं. मूलबाळ नव्हतं. मागं राहिली खोली, खुंटी, आणि तिची काळी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत चार लुगडी, एक पांढरं पातळ, तिच्या हातच्या वाळ्याच्या दोन जुड्या आणि चिंधीत बांधलेल्या लवंगा. तिच्या केसांच्या तेलाचा वास त्या सगळ्यावर होता. खोबरेलात कचोरा आणि नागरमोथा घालून ती ते तेल घरी कढवायची. किती कचोरा, किती मोथा, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी मिशनच्या देवळातून आला की यशया ट्रंक उघडायचा. वरच्या लुगड्यावर तोंड टेकवायचा, एकदा पोटभर श्वास घ्यायचा, आणि झाकण झटकन लावून टाकायचा. उगाच जास्त वेळ उघडं राहिलं तर वास उडून जाईल ही त्याला धास्ती. तिचा फोटो कधी काढला नव्हता. त्या माणसाकडे बायकोचं म्हणून तेवढंच उरलं होतं, आणि तो ते आठवड्याला एक श्वास असं पुरवून पुरवून वापरत होता.

मग आला शेहेचाळीसचा डिसेंबर. साहेब लोक बोटी पकडून विलायतेला निघाले. मेस नव्या अफसरांकडे जाणार होती, आणि नवे अफसर नवी माणसं घेणार होते. जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात चिरुटांचं कपाट गेलं. आतले चिरूट सुटे उरले, तीसेक असतील, सगळ्या जातींचे मिसळलेले. मेजरसाहेबानं ते एका पांढऱ्या नॅपकिनात गुंडाळले आणि यशयाच्या हातात दिले.

"आयझाया," साहेब म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला यशया म्हणणं काही जमलं नव्हतं. "तुम पीओ. तुमको कौनसा पसंद है?"

"कोई भी, साहब."

मेजर हसला. "कोई भी? इस नाम का चिरूट तो हमारे पास नहीं था."

यशयाच्या काळजात चर्र झालं. हुबेहूब मार्थाचं बोलणं. मेजरला काय ठाऊक? तो आपला पाठीवर थाप मारून गेला. यशया नॅपकिनाचं गाठोडं काखेत धरून कँपापासून भिंगारपर्यंत चालत आला, आणि वाटेत त्याला पहिल्यांदा असं वाटलं की आपण फार मोठी चूक केली आहे. एवढी वर्षं ती विचारत होती. एक उत्तर द्यायला काय जात होतं? खोटं का होईना, शेंगोळे म्हणायचं होतं.

जानेवारी लागला आणि त्याला घर खायला उठलं. सकाळी उठून काही करायचं नसतं, हे त्याला माहीतच नव्हतं. भाकरी करायला तासभर, झाडायला चार मिनिटं, आणि मग पुढं आख्खा दिवस आ वासून. शेजारच्या खोलीत छबूबाई होती, पण ती कानानं ठार बहिरी. तिच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या चाळीशी बोलायचं. यशया दारातल्या दगडी पायरीवर बसून रस्त्यावरचे टांगे बघायचा. खुंटीवर कोट तसाच होता. वाऱ्यानं हलला की मेसचा वास यायचा, तेवढीच सोबत वाटायची.

एका दुपारी चार वाजता त्यानं गाठोडं सोडलं. का सोडलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कार्डाकडं बघितलं नाही, एवढं मात्र खरं. मेजरचा काळा त्रिचनापल्लीवाला काढला, टोक कापलं, काडी ओढून आधी तिचं गंधक जळू दिलं. सगळं कसं रीतीनं. फक्त पुढं साहेब नव्हता. मग काडी स्वतःच्याच तोंडाशी आणली.

काय सांगू! तिसऱ्या झुरक्याला डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाचव्याला पोटातलं सगळं गटारीत गेलं. छबूबाईची शेळी सुद्धा दावं ताणून लांब सरकली. आणि गंमत अशी की इतकं होऊनही बाबा मेजरसारखा डावा गुडघा उजव्यावर टाकून बसलेला. त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

आठ दिवसांनी डॉक्टरसाहेबाचा हवानावाला. हा सौम्य, बरा निघाला. ओल्या गवताच्या गंजीजवळून गेल्यासारखा वास. पण अर्धा ओढून झाल्यावर यशयाला उमगलं की आपण करंगळी वर धरली आहे, डॉक्टर धरायचा तशी, आणि मान हलवून "हम्, हम्" करतो आहोत. त्यानं करंगळी खाली केली. मग चवच गेली. त्यानंतर मनिलाचा ओढला, त्याला कागद जाळल्याची चव. मग पुन्हा एक काळा, या वेळी सावकाश, धूर तोंडातच घोळवून. यात ओकारी झाली नाही, पण आवडला म्हणावं तर तसंही नाही. प्रत्येक चिरुटावर कुणाचा तरी हक्क होता. यशया आपला दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखा अवघडून ओढायचा आणि मनातल्या मनात विचारायचा, मला हा आवडला का? उत्तर यायचं, कायबी चालंल.

एवढं झालं तरी चिरूट ओढायचा तो पायरीवर, उंबऱ्याच्या बाहेर. घरात ओढावा हे त्याच्या मनातही आलं नाही. ओढून झालं की हातपाय धुवायचा, तोंडावर पाणी मारायचा, तेव्हा आत पाऊल.

फेब्रुवारीत एका गुरुवारी तो गाठोडं सोडून पुढचा चिरूट निवडत बसला होता, तोच गल्लीच्या तोंडाशी याकोब पाळक दिसले. देवळाचे पाळक. माणूस सज्जन, पण तंबाखूच्या बाबतीत कडक. मागल्याच वर्षी विडी ओढतो म्हणून एका सुताराला त्यांनी तीन महिने देवळातल्या प्रभुभोजनाच्या पवित्र विधीला बसू दिलं नव्हतं. यशयाची पाचावर धारण बसली. घरात लपवायला जागा ती कुठली? एक फळी, एक चूल, एक बाज. कडीकुलपाची वस्तू म्हणजे ट्रंक. त्यानं नॅपकिनाचं गाठोडं लुगड्यांच्या मधोमध खुपसलं, झाकण लावलं आणि वर बसला.

पाळकांनी दारातच नाक वर केलं. "यशयाभाऊ, कसला वास हा?"

"कोट हाय, पाळकसाहेब. मेसचा. जात न्हाई लवकर."

"हं." पाळक बाजेवर बसले. त्यांनी प्रार्थना केली, प्रकृती विचारली. उठताना म्हणाले, "एकटे बसून राहू नका. मी आता दर गुरुवारी येत जाईन."

भलं चिंतलं बिचाऱ्यांनी. पण त्या एका वाक्यानं गाठोड्याचा मुक्काम ट्रंकेतच पडला. शिवाय ऊन चढू लागलं होतं. भिंतीकडेच्या कोपऱ्यात, माठाशेजारी, ट्रंक गार राहायची. चिरुटाला बाहेरच्यापेक्षा तिथंच बरं होतं. यशयाला एकच रुखरुख लागली. वाळा! लवंग! सगळा जन्म ज्याच्याविरुद्ध बोंबललो तेच केलं. चिरूट बिघडणार. त्या विचारानं दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही, जणू उद्या मेजर येऊन झडती घेणार होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यानं भीतभीतच एक काढला. काळाच होता. नाकाशी धरला तर वाळा आलाच. "गेला," तो स्वतःशी म्हणाला, "वाया गेला." तरी टाकवेना, म्हणून पेटवला.

पहिला झुरका घेतला आणि तो तसाच थांबला. दुसरा घेतला. धुरात खाली तंबाखू होती, कडू, ओळखीची. तिच्यावर वाळा, मग लवंग, आणि सगळ्यात शेवटी, धूर तोंडातून निघून गेल्यावर, टाळूला चिकटून राहिलेलं ते तेल. कचोरा, नागरमोथा. न्हाऊन उन्हात केस वाळवत बसलेली मार्था.

यशयाच्या डोळ्यांना धार लागली. धुरानं नव्हे. त्यानं गुडघ्याकडं बघितलं, तर दोन्ही पाय पायरीवर उकिडवे, मांडीवर कोपरं, त्याच्या बापासारखा, गावाकडच्या कुठल्याही माणसासारखा बसलेला. करंगळी खाली. समोर कुणी साहेब नाही.

"हे," तो मोठ्यानं म्हणाला, "हे आवडतं मला."

सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला आपली आवड सापडली आणि सांगायला कुणी नव्हतं. छबूबाईला ओरडून सांगावं तर सगळ्या चाळीत बभ्रा. पाळकांना सांगावं तर प्रभुभोजन बंद. जिनं विचारलं होतं ती तर नाहीच. त्यानं शेळीकडं बघितलं. शेळीनं बघितलंसुद्धा नाही. पण खोटं का बोला, त्या दिवशी तो सुखी होता. भाकरीबरोबर त्यानं दोन कांदे फोडून खाल्ले.

मग त्याचं ठरून गेलं. रविवारी देवळातून यायचं, ट्रंक उघडायची, हात आत घालून नॅपकिनातून एक चिरूट काढायचा, झाकण लावायचं, पायरीवर बसायचं. लुगड्यावर तोंड टेकवायची सवय कधी मोडली ते त्याला कळलं नाही. गरजच वाटेना. एका श्वासाऐवजी आता तासभर ती भेटत होती. एप्रिलात त्यानं आठवड्याला दोन केले. ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी तर सकाळी एक आणि दुपारी एक. पाळकांनी एकदा म्हटलं सुद्धा, "यशयाभाऊ, तुम्ही हल्ली बरे दिसता."

मे महिन्यात दीना आली. दीना मार्थाच्या धाकट्या बहिणीची मुलगी, पाथर्डीला शाळेत शिकवायची. तिचं लग्न ठरलं होतं, नगरच्याच देवळात लागणार होतं.

"काका, मावशीनं मला शब्द दिला होता," ती लाजत म्हणाली. "तिचं पांढरं पातळ. तिच्या लग्नातलं. आई म्हणाली, विचारून बघ."

"विचारायचं काय त्यात? तुजंच हाय ते." यशयाला बरं वाटलं. त्यानं ट्रंक ओढली, झाकण उघडलं. गाठोडं आधीच मांडीखाली सारलं. दीनानं पातळ काढलं, घडी मोडली, आणि पोरीसारखं ते गालाला लावलं.

लावलं आणि लगेच दूर केलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "याला चिरुटाचा वास येतोय."

"असं कसं? चिरुटाला त्याचा लागतो," यशया बोलून गेला. आपण काय बोललो हे त्याला नंतर कळलं.

दीनाचं ध्यान नव्हतं. "जाऊ द्या हो. रिठ्यानं दोनदा धुतलं की जाईल सगळं." तिनं पातळ पिशवीत घातलं, त्याच्या पाया पडली, चहा नको म्हणाली, पाथर्डीची गाडी गाठायची होती.

ती वळणावरून दिसेनाशी झाली, तसा यशया ट्रंकेपुढं बसला. पहिलं लुगडं काढलं. तोंड घातलं. चिरूट. दुसरं, हिरव्या काठाचं, ती बाजारात नेसायची ते. चिरूट. तिसरं, चौथं. वाळ्याची जुडी नाकाशी धरली, तीही तंबाखूनं भरलेली. मेसच्या कपाटात डोकं घातलं तर जो वास येईल तो. सगळा संसारभर जो वास तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता, तो त्यानं आपल्या हातानं तिच्या लुगड्यांच्या मधोमध नेऊन ठेवला होता.

"कसा रं मी असला!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. आणि कपाळावर मारावा असंच होतं. कोणत्याही अडाणी बाईनं सांगितलं असतं की कपड्यांत तंबाखू ठेवू नये. पण हा पडला मेसचा बेअरर. चिरुटाला कशाचा वास लागेल ही काळजी त्यानं जन्मभर केली. चिरुटाचा वास कशाला लागेल, ही काळजी करायला त्याला कुणी पगार दिला नव्हता.

गाठोड्यात चार चिरूट उरले होते. त्यानं ते हुंगले. तिथं होती ती. वाळा, लवंग, तेल, सगळं तिथं होतं. बाकी घरात कुठंही नव्हतं.

मग त्यानं काय काय नाही केलं! लुगडी बाहेर खुंटीवर टांगली, कोट काढून तिथं. वाऱ्यानं चिरूट जाईल आणि खालचं तिचं तेवढं राहील, असा त्याचा हिशेब. तीन दिवसांनी चिरूट गेला, आणि तिचंही गेलं. लुगड्यांना नुसता उन्हाचा वास यायला लागला, धुळीचा. नगरच्या बाजारातून वाळा आणला, लवंगा, कचोरा, मोथा आणला, खोबरेल कढवलं. त्याला कढवलेल्या खोबरेलाचा वास आला, बस. चार चिरूट वेगळ्या डब्यात ओल्या फडक्याशेजारी ठेवले, मेसमधल्या रीतीनं. ओढायचे नाहीत, असं ठरवलं. पण वैशाखाच्या उन्हानं फडकं तासात वाळायचं. एकाचं पान फाटलं, मग दुसऱ्याचं. आठवड्यात तीन वाळून पाला झाले आणि त्यांतून काही येईना. चौथ्यात अजून थोडं होतं. त्याच्याइतकं हे कुणाला कळणार? तो रोज हुंगायचा, आणि ते रोज कमी व्हायचं.

दीनाचं लग्न महिनाअखेरीस सकाळी लागलं. यशयाकडं चांगला कपडा एकच, मेसचा कोट. तो घालून देवळात गेला. नवरी पांढऱ्या पातळात त्याच्या अंगावरून गेली तेव्हा रिठ्याचा आणि मोगऱ्याचा वास आला. छान दिसत होती पोरगी. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, जेवण केलं, पाळकांना नमस्कार केला आणि दुपारी एकटा घरी आला.

खुंटीपाशी आल्यावर हात सवयीनं कोटाच्या बटणाकडं गेला. तिथंच थांबला. मग तो हातपाय न धुता, कोट तसाच अंगात ठेवून, उंबरा ओलांडून आत गेला. दार लावलं. खिडकी लावली. डबा उघडून शेवटचा चिरूट काढला आणि चुलीसमोर, जिथं ती बसायची त्याच्या समोर, मांडी घालून बसला. टोक कापलं. गंधक जळू दिलं.

पहिल्या झुरक्यात ती होती. दुसऱ्यात होती, पण थोडी. तिसऱ्यात नुसती तंबाखू. धूर कौलांपर्यंत चढला आणि सगळ्या खोलीत भरला, फळीवरच्या भांड्यांत, बाजेवर, चौकटीतल्या कार्डावर.

"मार्था," तो म्हणाला, "घरात ओढतोय बघ. कोट बी अंगात हाय. पाय सुदीक धुतलं न्हाईत." "आता तरी वरड की गं."

बाहेर छबूबाईची शेळी ओरडली आणि गप्प झाली. यशया चुलीकडं बघत राहिला. चिरूट जळत जळत बोटांशी आला, चटका बसला, तरी त्यानं तो टाकला नाही, कारण तिला वेळ लागत असेल असं त्याला वाटत होतं. पण कुणी ओरडलं नाही.